चावी गुरुजींकडे होती: निसर्ग वादळात आमच्या गटाचं काय झालं

गेल्या काही वर्षांत आजूबाजूच्या गावांतली मंडळं, बचत गट, किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारी पोरं, सगळे कधी ना कधी विचारतात की २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुम्ही गटाची घडी बदललीत म्हणजे नेमकं काय केलंत, आणि दरवेळी फोनवर अर्धंमुर्धं सांगून होतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. मी या गटाचा, म्हणजे आमच्या गावातल्या स्वयंसेवकांच्या गटाचा सचिव. गाव श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्राला लागून. गावाचं नि माणसांची नावं देत नाही, कारण यातली चूक कोणा एकाची नव्हती आणि नावं दिली की लोक चूक सोडून माणसाला धरून बसतात.

आधी गट कसा होता ते सांगतो. चाळीसेक पोरं-पोरी, त्यातली निम्मी कायम गावात, बाकीची मुंबई-पनवेलला नोकरीला पण शिमग्याला आणि गणपतीला हजर. रक्तदान, किनारा सफाई, विसर्जनाला बंदोबस्त, मे महिन्यात पर्यटक पाण्यात फार पुढे जाऊ नयेत म्हणून शिट्टी घेऊन उभं राहणं, अशी कामं. संस्था रीतसर नोंदलेली, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळी पदं भरलेली, कागदावर सगळं ठीक. अध्यक्ष म्हणजे गुरुजी. रिटायर झालेले प्राथमिक शिक्षक, अर्ध्या गावाने बाराखडी त्यांच्याकडे गिरवलेली, बारा वर्षं अध्यक्ष. असा माणूस मिळायला गावाचं नशीब लागतं हे मी आजही म्हणतो. कोणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, कोणाचा वासा कुजलाय, कोणाकडे होडी आहे आणि कोणाकडे नुसतं इंजिन पडून आहे, सगळं त्यांना तोंडपाठ.

आणि तोंडपाठ होतं म्हणूनच कुठे लिहिलेलं नव्हतं. स्वयंसेवकांचे नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये. समाजमंदिराची चावी त्यांच्याकडे, आणि समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आमचा दोर, बॅटऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, देणगीतून घेतलेली झाडं कापायची चेनसॉ, सगळं सामान. बँकेचं खातं गुरुजी आणि खजिनदार या दोघांच्या सहीचं, आणि खजिनदार मुंबईला. उपाध्यक्ष होते पण उपाध्यक्षाने नेमकं करायचं काय हे बारा वर्षांत कोणी ठरवलंच नव्हतं, ते पद म्हणजे वाडीचा मान राखायला दिलेलं. मी सचिव म्हणजे प्रोसिडिंग लिहायचं आणि गुरुजी सांगतील त्याला फोन लावायचा. कामं होत होती त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

३ जून २०२०, बुधवार. लॉकडाऊन चालू, मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी शाळेत क्वारंटाईन. आदल्या दिवसापासून हवामान खात्याच्या सूचना होत्या, किनाऱ्याजवळच्या घरांतली माणसं आम्ही नातेवाईकांकडे हलवली होती. सकाळी अकराच्या सुमाराला वारं चढलं आणि दुपारी बारा ते अडीच-तीनपर्यंत जे झालं ते शब्दात सांगणं कठीण आहे. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचं वारं, मध्येच त्याच्याही वरचे झोत, हे आकडे नंतर वाचले. तेव्हा फक्त कौलं उडताना दिसत होती, आणि पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या वाडीत एकामागून एक कडाड कडाड आवाज, जसं कोणी ओळीने काड्या मोडत चाललंय. चारच्या सुमाराला बाहेर आलो तर गाव ओळखू येईना. रस्ता दिसत नव्हता, नुसते माड, पोफळी, आंबे, विजेचे खांब आणि तारा. मोबाईलला रेंज नाही. ती पुढे आठवडाभर आली नाही, आणि लाईट यायला तर महिना गेला.

पाऊस चालूच होता. डोक्यावर छप्पर उरलं नाही अशी माणसं एकेक करून समाजमंदिराकडे यायला लागली, कारण गावात स्लॅबची मोठी जागा तीच. पाच वाजेपर्यंत साठ-सत्तर माणसं बाहेरच्या अरुंद व्हरांड्यात. त्यात एक ओली बाळंतीण, नऊ दिवसांचं बाळ पदराखाली. दाराला कुलूप. चावी गुरुजींकडे.

दोन पोरं गुरुजींच्या घराकडे पाठवली. घर फार तर तीनशे मीटरवर, पण पडलेल्या झाडांच्या वरून खालून जायला त्यांना पाऊण तास लागला, आणि परत येऊन सांगतात की घरी कोणी नाही, माड पडवीवर पडलाय. नंतर कळलं ते असं की गुरुजींच्या मंडळींच्या खांद्याला मार लागला होता आणि गुरुजी नि शेजारचा मुलगा त्यांना खुर्चीवर बसवून आरोग्य केंद्राकडे घेऊन गेले होते. चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात. तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आता जे सांगतोय ते या प्रकरणाचं मूळ आहे. आम्ही अडीच तास थांबलो. म्हणजे वीस-बावीस धडधाकट स्वयंसेवक, एक उपाध्यक्ष, एक सचिव म्हणजे मी, सगळे समोर माणसं भिजताना बघत उभे होतो आणि बोलत होतो की गुरुजी येतील, गुरुजी येतच असतील. मी उपाध्यक्षांना म्हटलं, काका, कुलूप तोडूया का? ते म्हणाले, "मी कसं सांगू, उद्या विचारलं तर? आणि हॉल क्वारंटाईनसाठी ठेवायचा असं ठरलंय ना." मलाही तेवढंच ऐकायचं होतं बहुतेक, कारण मी पुढे काही बोललो नाही. भित्रे होतो असं नाही, त्याच पोरांनी तासाभरापूर्वी ढिगाऱ्याखालून म्हातारी बाहेर काढली होती. अंगात ताकद होती, हिंमत होती. ठरवायचा हक्क आपल्याला आहे असं मात्र एकालाही वाटत नव्हतं.

शेवटी कोळीवाड्यातल्या एक ताई पुढे झाल्या. बचत गट चालवतात, आमच्या गटाच्या त्या तर साध्या सभासदसुद्धा नव्हत्या. त्यांनी अंगणातला चिरा उचलून कुलपावर घातला, जांभ्याचा चिरा तो, पावसात भिजलेला, दोन घावांत फुटून लाल माती झाली. मग त्यांनी मुलाला ओरडून होडीतला लोखंडी नांगर मागवला. तिसऱ्या घावाला कुलूप नाही तुटलं, कोयंडाच दाराच्या फळीसकट उपटून आला. आत गेल्यावर त्यांनी कोणाला विचारलं नाही. बाळंतीण मागच्या खोलीत, म्हातारी माणसं भिंतीकडेला, मुंबईहून आलेली दोन कुटुंबं स्टेजवर वेगळी, आणि सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधायची. दहा मिनिटांत झालं. ज्याच्यासाठी आम्ही अडीच तास थांबलो होतो ते दहा मिनिटांचं काम होतं.

गुरुजी दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. चिखलाने माखलेले, रात्रभर जागे. दारापाशी थांबले, तुटलेला कोयंडा हातात घेतला आणि विचारलं, "कोणाला विचारून?" राग नव्हता आवाजात, लागलं होतं त्यांना. ताई आतून आल्या, म्हणाल्या, "विचारायला होतं कोण, गुरुजी?" उद्धटपणे नाही, अगदी सरळ. गुरुजी तिथल्याच पायरीवर बसले. तो कोयंडा बराच वेळ त्यांच्या हातात होता, अंगठ्याने त्यावरची माती काढत होते. कोणीच काही बोललं नाही. संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "दुकानं उघडली की नवीन कुलूप आण. चार चाव्यांचं बघ."

माझ्या मते आमच्या गटात नेतृत्व म्हणून जे काही शिकायचं होतं त्याची सुरुवात या वाक्याने झाली. अपमान झाला असं धरून ते घरी बसू शकले असते, बारा वर्षांच्या माणसाला तेवढा हक्क होता आणि गावही त्यांच्याच बाजूने बोललं असतं. त्यांनी ते केलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मात्र आम्ही चुकतच होतो, त्या चुका पण सांगायला हव्यात.

पहिली चेनसॉची. रस्ता मोकळा करायची सगळ्यांना घाई, ५ तारखेला वटपौर्णिमा होती, देवळामागचा वड मुळासकट आडवा, बायका त्या आडव्या वडालाच दोरा गुंडाळून गेल्या आणि त्यांना वाट करून द्यायला म्हणून पोरांनी जोरात काम काढलं. पडलेली पोफळ सरळ पडलेली नसते, दुसऱ्या झाडात अडकून धनुष्यासारखी वाकलेली असते. ताणलेल्या बाजूने करवत लावली की ती सुटते. तशीच सुटली आणि एका पोराच्या नडगीवर बसली, हाड वाचलं, टाके पडले. त्याला मशीन कोणी दिलं होतं? कोणीच नाही, त्याने उचललं होतं. कोणी अडवलं? नाही, कारण अडवायचं काम कोणाचं ते ठरलं नव्हतं. उत्साही पोराला "थांब" म्हणणं हे पदाधिकाऱ्याचं सगळ्यात नावडतं काम आहे आणि ते आधी नेमून दिलेलं नसेल तर कोणीही करत नाही. तारांचंही तेच. खांब पडलेत म्हणजे लाईट बंद, असं धरून पोरं तारा हाताने ओढत होती, तोवर गावात दोघा-तिघांनी जनरेटर लावले होते आणि घरातला जनरेटर मेन स्विच बंद न करता लावला तर तीच वीज उलटी बाहेरच्या तारेत येऊ शकते. आमचं नशीब, काही झालं नाही.

दुसरी चूक मला अजून टोचते. सहाव्या-सातव्या दिवशी पोरांत भांडणं सुरू झाली. कारण क्षुल्लक, कोण उशिरा आलं, कोणी पाणी संपवलं. मला वाटलं दमलेत. एका पोराच्या आईने मला रस्त्यात गाठून सांगितलं, "अरे, तुमचा हा रोज दुसऱ्यांच्या घरावर ताडपत्री बांधतो आणि आम्ही रात्री छत्री धरून बसतो." मी त्याच्या घरी कधी डोकावलोच नव्हतो. स्वयंसेवक म्हणजे मदत करणारा, त्याला मदत लागत नाही, असं डोक्यात पक्कं बसलेलं. दुसऱ्या दिवशी सगळी बाहेरची कामं बंद ठेवून आम्ही फक्त स्वयंसेवकांची घरं झाकली. गावात दोन-चार जण बोलले, आधी आपलंच बघतात म्हणून. बोलू दे. त्या एका दिवसानंतर भांडणं थांबली आणि पोरं पुढे तीन आठवडे टिकली. आता आमच्याकडे नियमच आहे, संकट आलं की पहिला फेरा स्वयंसेवकांच्या घरांचा, आणि तो नियम आम्ही ग्रामसभेत उभं राहून सांगितलाय म्हणजे उगाच कुजबुज नको.

ताडपत्र्यांच्या यादीचं प्रकरण जरा मोठं आहे.

मुंबईच्या आमच्या मंडळींनी आणि एका देणगीदार ग्रुपने मिळून साठ ताडपत्र्या पाठवल्या. छप्पर गेलेली घरं दीडशेच्या आसपास. पत्रे कुठे मिळेनासे झालेले, पावसाळा तोंडावर, त्यामुळे साठ कोणाच्या नि नव्वद कोण ते ठरवणं म्हणजे गावात आग लावणं. गुरुजींनी सवयीने रात्री बसून एकट्याने यादी केली. प्रामाणिकपणे केली, स्वतःचं घर त्यात घेतलंसुद्धा नाही. पण सकाळी वाचली तर वरच्या वाडीतलं, म्हणजे डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची तेवीस घरं आहेत तिथलं, एकही घर नाही. मुद्दाम वगळलं नव्हतं. वरच्या वाडीचा रस्ता बंद होता, तिथलं कोणी खाली आलं नव्हतं आणि आमच्या कमिटीत त्या वाडीचं कधीच कोणी नव्हतं. ज्याचं माणूस बैठकीत नसतं त्याचं घर यादीत येत नाही. वाईट माणसं असली तरच असं होतं असं नाही, गुरुजींसारख्या माणसाच्या हातून झालं.

ताईंनी विचारलं, वर कोण जाऊन आलंय का? कोणीच नाही. मग दोन पोरं आणि त्या स्वतः गेल्या. परत आल्यावर गुरुजींनी यादी फाडली. आणि पद्धत अशी ठरली की शाळेतला फळा काढून देवळाच्या सभामंडपात आणायचा, प्रत्येक वाडीने आपापली यादी आपण करायची, कोणाचं घर आधी ते चार गोष्टींवर, म्हातारी माणसं, लहान मूल किंवा गरोदर बाई, घरात आजारी, आणि दुसरीकडे निवारा आहे की नाही. मग एका वाडीची यादी दुसऱ्या वाडीने घरोघर फिरून तपासायची. हे तपासणीचं डोकं उपाध्यक्षांचं, ज्यांना आम्ही बारा वर्षं मानाचं पद म्हणून बसवून ठेवलं होतं. कोळीवाड्याची माणसं कुणबीवाडीत फिरली, मधल्या आळीची वरच्या वाडीत. आळीतले दोघे जण वरून आल्यावर स्वतःच म्हणाले की आमची दोन नावं काढा, तिकडे द्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं. पूर्ण दीड दिवस गेला या सगळ्यात. गुरुजींची यादी एका रात्रीत झाली होती. पण फळ्यावरच्या यादीवर नंतर एकही भांडण झालं नाही.

देणगीदार ग्रुपला ताडपत्री घेणाऱ्या माणसासोबत फोटो हवे होते. खजिनदार फोनवर म्हणत होता द्या फोटो, पुढची मदत अडेल. आम्ही सामानाचे, फळ्याचे, झाकलेल्या घरांचे फोटो पाठवले, माणसांचे नाही, आणि का ते पण कळवलं. पुढची मदत आली.

पैशांचं मात्र खरंच अडलं. खात्यात लाखभर रुपये असून तीन आठवडे एक रुपया काढता आला नाही, दोन सह्यांतली एक मुंबईत आणि जिल्हा ओलांडायला ई-पास. चेनसॉचं पेट्रोल, दोर, खिळे सगळं उधारीवर. उधारी माझ्या तोंडावर मिळाली ते ठीक, पण संस्थेचं काम एका माणसाच्या ओळखीवर चालणं म्हणजे पुन्हा तेच.

आणि पंचनाम्यांचं. सरकारने बागांची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, पण आमच्याकडे माड-पोफळीच्या वाड्या गुंठ्यात, म्हणजे गुंठ्याला फार तर पाचशे रुपये. नंतर झाडामागे रक्कम ठरली, माडाला २५० आणि पोफळीला ५०. झाडं मोजायची म्हटल्यावर लक्षात आलं की बऱ्याच जणांनी वाडी साफ करून ओंडके जाळून टाकलेत, मोजणार काय? आमच्याच पोरांनी साफ करून दिल्या होत्या त्या. आधी फोटो काढा, मोजा, मग हात लावा, हे सांगायला कोणीतरी डोकं शांत ठेवून बसलेलं हवं होतं आणि तो माणूस सचिवच, म्हणजे मी. मी तेव्हा फांद्या ओढत होतो. सगळ्यांसोबत चिखलात उतरलं की बरं वाटतं, लोकही कौतुक करतात, पण पदावरच्या एकाने तरी कोरड्या जागी वही घेऊन बसलंच पाहिजे. पोफळ लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, तोवर त्या कुटुंबाला झाडामागचे पन्नास रुपयेसुद्धा लागतात.

दिवाळीनंतर गुरुजींनी बैठक बोलावली. मला वाटलं राजीनामा देतात. त्यांनी वही उघडली आणि मागच्या बारा वर्षांत आपण एकट्याने काय काय ठरवत आलो त्याची यादी वाचून दाखवली, सव्वीस गोष्टी होत्या. प्रत्येक गोष्टीपुढे विचारलं, ही कोण घेतो? पहिली दहा मिनिटं कोणी हात वर करेना. त्यांनाच करू दे, त्यांना जमतं, असं सगळ्यांच्या तोंडावर. गुरुजी गप्प बसून राहिले. मास्तर माणूस, गप्प बसणं त्यांना किती जड गेलं असेल. शेवटी सामानाची खोली एका कॉलेजच्या पोरीने मागितली, मग एकेक सुटत गेलं.

जे ठरलं त्यातलं कामाचं सांगतो. प्रत्येक पदाला एक जोडीदार, आणि जोडीदाराला तेच सगळं माहीत. चार वाड्यांचे चार वाडीप्रमुख, ताई आता कोळीवाड्याच्या, आणि वरच्या वाडीतला एक तरुण कमिटीत. एका प्रमुखाच्या हाताखाली पाच-सहाच जण, त्यापेक्षा जास्त माणसं एकाला गोंधळात सांभाळता येत नाहीत, आपत्ती व्यवस्थापनाच्या इन्सिडंट कमांड पद्धतीत पण तीन ते सात हेच प्रमाण धरतात. संपर्क तुटला तर वाडीप्रमुखाने आपल्या वाडीपुरतं काहीही ठरवायचं, कुलूप तोडण्यासकट, आणि पाच हजारांपर्यंत खर्च करायचा, तेवढे रोख पैसे त्याच्याकडे पावसाळ्याआधी देऊन ठेवायचे. त्याबद्दल नंतर विचारणा होईल, जाब नाही. हे शेवटचं वाक्य गुरुजींनी ठरावात मुद्दाम घालायला लावलं. बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्यात दोघं गावातच राहणारे. आणि नवीन पदाधिकारी झाले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो कित्येक मंडळं देत नाहीत आणि मग कागदावर वारलेली माणसं विश्वस्त राहतात, आमच्याकडेही एक निघाले.

लिहिणं सोपं होतं. अवघड होतं ते गुरुजींनी दिलेलं काम परत न घेणं. सामानाच्या खोलीत त्या पोरीने सगळं वेगळ्या पद्धतीने लावलं, दोर खाली, पेट्या वर. गुरुजी बघून आले, काही बोलले नाहीत, मला मात्र बाहेर येऊन म्हणाले, "दोर खाली नको होता, वाळवी लागते." मी म्हटलं, सांगा ना तिला. म्हणाले, "विचारलं तर सांगेन." महिन्याभराने तिनेच विचारलं. मला वाटतं पदाधिकाऱ्याला हे एवढं जरी जमलं, की आपल्याला चूक दिसतेय, जीव जाण्यातली नाहीये, तर दुसऱ्याला ती स्वतः सापडेपर्यंत थांबायचं, तर निम्मा गट उभा राहतो. चेनसॉसारख्या गोष्टीत थांबायचं नाही, तिथे ओरडायचंच. हा फरक कळायला आम्हाला एका पोराची नडगी लागली.

सगळं सुटलं असं अजिबात नाही. मुंबई मंडळ आणि गाव यांच्यातली ओढाताण अजून आहे, पैसे त्यांचे आणि निर्णय गावाचा हे त्यांना जड जातं, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं आहे असंही मला वाटत नाही. दरवर्षी आठ-दहा पोरं नोकरीला बाहेर जातात, जोडीदार तयार केला की तोच निघून जातो. मग परत नवा.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या समोरून समुद्रातून गेलं. आदल्याच आठवड्यात गुरुजींना कोरोना झाला होता, घरातल्या मागच्या खोलीत एकटे, फोन जवळ पण खोकल्याने बोलता येत नव्हतं. पहाटेपासून वारं. ताईंनी रात्रीच कोळीवाड्याच्या पुढच्या रांगेतली माणसं समाजमंदिरात आणली होती, दार उघडं, चावी त्यांच्या कमरेला. रेंज नऊ वाजता गेली. कोणी कोणाची वाट बघितली नाही. स्वयंसेवकांच्या घरांचा फेरा सकाळीच झालेला, मी देवळात वही घेऊन बसलेलो आणि दर दोन तासांनी प्रत्येक वाडीतून एक पोर निरोप घेऊन येत होतं. बऱ्याच घरांची कौलं गेली, माड पडले, माणसाला ओरखडा नाही.

रात्री रेंज आली तेव्हा गुरुजींना फोन लावला. काय काय झालं ते सांगायला घेतलं तर त्यांनी मध्येच थांबवलं आणि धापा टाकत एवढंच विचारलं, "वरच्या वाडीत कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, जायला लागलंच नाही गुरुजी, वरच्या वाडीतलाच पोरगा दिवसातून पाच वेळा खाली येऊन गेला.

"बरं," म्हणाले, "मग झोपतो मी."